इम्प्लांटवरची कॅप: चिकटवायची की आवळायची?

मागच्या आठवड्यात सांगलीहून मावशीचा फोन आला. खालची दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवलं होतं, त्याला चार महिने झाले होते आणि आता वर कॅप बसवायची होती. दवाखान्यातून तिला एक कागद मिळाला होता. त्यावर दोन ओळी आणि दोन वेगळे आकडे होते. एक ‘सिमेंट रिटेन्ड’, दुसरी ‘स्क्रू रिटेन्ड’, आणि दुसरी अडीच हजारांनी महाग.

“अगं, तू दातांचीच डॉक्टर ना, मग सांग. चिकटवून घेऊ की आवळून घेऊ? आणि सिमेंट म्हणजे घराला लावतात तेच का गं?”

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी नेमका होता. दंतवैद्यांमध्येही यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. बहुतेक पेशंटना तर असे दोन पर्याय असतात हेसुद्धा कुणी सांगत नाही. म्हणून फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे नीट लिहिते.

आधी, तोंडात नेमकं काय बसवलंय?

ज्याला आपण सरसकट ‘इम्प्लांट’ म्हणतो त्यात तीन वस्तू असतात. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू. तो साधारण 8 ते 13 मिलिमीटर लांब असतो आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. इम्प्लांट हे नाव खरं तर त्याचं एकट्याचं. त्याच्यावर बसून हिरडीतून वर डोकावतो तो खुंटा. त्याला आम्ही अबटमेंट म्हणतो, पण जात्याचा खुंटा आठवला की चित्र आपोआप डोळ्यासमोर येतं, म्हणून मी खुंटाच म्हणेन. आणि खुंट्यावर टोपीसारखी बसते ती कॅप, म्हणजे दिसणारा, चावणारा दात.

हाड आणि टायटॅनियम एकमेकांना धरतात हे कळलं ते स्वीडनमध्ये, जवळजवळ अपघातानेच. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर ती महागडी नळकांडी काढायला गेले तर निघेनात. हाड त्यांना घट्ट चिकटलं होतं. 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसले. त्या काळी वरचे दात सुद्धा स्क्रूनेच आवळलेले असायचे. सिमेंट आलं ते नंतर, जेव्हा एकेका दातासाठी इम्प्लांट बसू लागले आणि दंतवैद्यांनी नैसर्गिक दातावर कॅप बसवायची हाताला बसलेली सवय तशीच उचलून इथे आणली. माझ्या मते पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ या सवयीत आहे.

एक गोष्ट पेशंटना हटकून माहीत नसते. चिकटवलेल्या कॅपच्या पोटातही एक स्क्रू असतोच. खुंटा खालच्या इम्प्लांटला त्या बारीक स्क्रूनेच जोडलेला असतो. ‘सिमेंट रिटेन्ड’ म्हणजे या जोडाला हात न लावता वरून कॅप चिकटवणं. ‘स्क्रू रिटेन्ड’ म्हणजे कॅप आणि खुंटा एकच अखंड वस्तू करणं, आणि कॅपला ठेवलेल्या भोकातून तोच स्क्रू आवळणं.

सिमेंट करतं तरी काय?

घरचं सिमेंट आणि दातांचं सिमेंट यांचं नातं नावापुरतंच, पण अगदीच खोटं नाही. दोन्हीकडे दोन गोष्टी कालवल्या की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ठरावीक वेळात लगद्याचा दगड होतो. झिंक फॉस्फेट नावाचं सिमेंट दातांच्या दवाखान्यात शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे. मग काचेच्या भुकटीपासून केलेलं ग्लास आयोनोमर आलं, मग रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं सिमेंट.

कॅप नुसती चिकटल्यामुळे टिकते असं वाटतं, ते अर्धंच खरं. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की ओढून निघत नाहीत. त्यांना कुणी काही लावलेलं नसतं, भिंतीच एकमेकींना धरून बसतात. खुंटाही तसाच घडवतात, किंचित निमुळता आणि पुरेसा उंच. तो चार मिलिमीटरपेक्षा बुटका असला की कॅप सुटायची भीती वाढते. कॅप आणि खुंटा यांच्यात, कॅप घडवणाऱ्या लॅबने मुद्दाम ठेवलेली केसाइतकी बारीक फट असते. ती भरून काढणं आणि कॅपला हलू न देणं, एवढंच सिमेंटचं काम.

नैसर्गिक दातावर त्याला आणखी एक जबाबदारी असते, कड बंद करून कीड रोखण्याची. टायटॅनियमला कीड लागत नाही. म्हणजे इम्प्लांटवर सिमेंटचं निम्मं काम आधीच कमी झालेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थेंबाचा दहावा भाग

आता एक छोटा हिशोब. दाढेचा खुंटा 5 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर उंच धरला तर त्याचा पृष्ठभाग साधारण 100 चौरस मिलिमीटर होतो. फट 0.05 मिलिमीटरची धरू. गुणाकार केला की 5 घन मिलिमीटर येतात. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब सुमारे 50 घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे कॅप बसवायला लागतं ते सिमेंट थेंबाचा दहावा भाग!

कॅपच्या आतली पोकळी मात्र खुंट्याएवढी, जवळजवळ दोन थेंबांची. ती काठोकाठ भरून खुंट्यावर दाबली तर वीस भागांतला एक आत राहणार आणि एकोणीस बाहेर येणार. बाहेर म्हणजे कुठे? चकलीच्या सोऱ्यात पीठ भरून दट्ट्या दाबला की पीठ वाट मिळेल तिथूनच निघतं. कॅपच्या बाबतीत वाट एकच असते, खालची कड. आणि ती कड बऱ्याचदा हिरडीच्या आत असते.

हे सगळं दंतवैद्यांना माहीत नसतं का? असतं, पण हाताला नसतं. अमेरिकेतले चंदुर वाधवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 400 च्या आसपास दंतवैद्यांना एकसारखी कॅप देऊन ‘तुम्ही नेहमी भरता तसं सिमेंट भरा’ असं सांगितलं. कुणी आतून नुसतं बोट फिरवल्यासारखं लावलं, कुणी काठापर्यंत भरलं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात शंभरपटीहून मोठं अंतर निघालं. एकाच कामासाठी, एकाच मापाच्या कॅपसाठी. सिमेंट किती भरायचं हे मलाही कॉलेजात कुणी मोजून दाखवलेलं नव्हतं.

गोधडी आणि दादरा

“पण नेहमीच्या दातावर कॅप बसवताना पण सिमेंट बाहेर येतंच ना? तेव्हा कुठे काय होतं?” मावशीचा हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला.

नैसर्गिक दाताला हिरडी शिवलेली असते. सूक्ष्म तंतू दाताच्या मुळात आडवे घुसलेले असतात, गोधडीचे टाके आरपार जातात तसे. वरून काही ढकलायचा प्रयत्न केला तर पहिल्या टाक्यापाशीच अडतं. इम्प्लांटला असे टाके नसतात. टायटॅनियममध्ये तंतू घुसू शकत नाहीत, म्हणून ते त्याच्या बाजूने उभे किंवा भोवती गोल फिरलेले असतात. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो ना, तसा प्रकार. फडका गळ्याभोवती घट्ट असतो, पण शिवलेला नसतो. जोराने काही सरकवलं तर दोरीखालून आत जातं. सोऱ्यातून निघालेलं सिमेंट नेमकं हेच करतं.

त्यात भर म्हणजे कडेची खोली. पुढच्या दातात धातूची काळपट रेघ दिसू नये म्हणून कड मुद्दाम हिरडीखाली एक-दोन मिलिमीटर लपवतात. तयार मिळणाऱ्या खुंट्याची कड सगळीकडून एकाच उंचीची असते, हिरडी मात्र सपाट नसते. दोन दातांच्या मधे ती डोंगरासारखी वर चढते. म्हणजे गालाच्या बाजूने एक मिलिमीटर खोल असलेली कड दोन दातांच्या फटीत तीन-चार मिलिमीटर खोल जाते. विहिरीत पडलेली अंगठी काठावरून काढायचा प्रयत्न, असं त्या वेळी सिमेंट साफ करणं असतं. लिथुआनियातल्या टोमास लिंकेविचियस यांनी ही कड वेगवेगळ्या खोलीवर ठेवून तपासलं. प्रत्येक वेळी सिमेंट नीट साफ केलं होतं. तरीही कड जितकी खोल, तितकं मागे राहिलेलं सिमेंट जास्त.

आणि ते राहिलं तर?

इथे माझीच गोष्ट सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका निवृत्त शिक्षकांचा वरचा पुढचा दात इम्प्लांटवर बसवला. दात सुंदर झाला होता. त्यांनी दवाखान्यात पेढे वाटले होते. तीन वर्षांनी आले आणि म्हणाले, “दुखत काही नाही बाई, पण ब्रश केला की रक्त येतं.” हिरडीवर बोट दाबलं तर पू आला. हिरडी उघडली तेव्हा खुंट्याच्या मागच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा चिकटलेला दिसला. सिमेंटचा. तो मीच ठेवलेला होता. भोवतीचं हाड वाटीसारखं खचलं होतं.

सिमेंट स्वतः हाड खात नाही. पण ते खडबडीत असतं, ब्रश पोचत नाही अशा जागी असतं, आणि तोंडातल्या जिवाणूंना तसंच घर हवं असतं. माठाच्या बुडाशी शेवाळ धरतं, तसा त्याच्यावर थर धरतो. शरीर त्या थराशी लढतं आणि त्या लढाईत भोवतीचं हाड झिजतं. सूज नुसती हिरडीत असेल तर ती परतवता येते. हाड झिजायला लागलं की त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि गेलेलं हाड पुन्हा पूर्ववत करणं फार अवघड असतं.

हे दुखत का नाही? दात आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची एक गादी असते. दाताचा बराचसा स्पर्श, दाब, ठणका तिथून कळतो. इम्प्लांटला ती गादीच नसते, तो थेट हाडात रुतलेला असतो. त्यामुळे ‘दुखलं की दाखवीन’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक नियम इथे कामाचा नाही. दुखेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं.

81 टक्के ऐकून घाबरायचं का?

अमेरिकेत डॅलसला काम करणारे हिरडीतज्ज्ञ थॉमस विल्सन यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हिरडीच्या आत जाणारी बारीक दुर्बीण वापरली. ज्यांच्याभोवती आजाराची लक्षणं होती असे सिमेंटने बसवलेले 42 इम्प्लांट तपासले, त्यांतल्या 34 भोवती, म्हणजे 81 टक्क्यांत, जादा सिमेंट सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी 20 पैकी एकाहीभोवती ते नव्हतं. सिमेंट काढून टाकल्यावर आजारी इम्प्लांटांपैकी 74 टक्क्यांतली लक्षणं गेली. आणि कॅप बसवल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ होता चार महिन्यांपासून थेट 9.3 वर्षांपर्यंत.

हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चिकटवलेल्या 81 टक्के कॅपना रोग होतो’ असा फिरतो, आणि ते साफ चुकीचं आहे. नापास झालेल्या मुलांपैकी बहुतेकांनी अभ्यास केला नव्हता, यावरून वर्गातली किती मुलं नापास होणार हे कळत नाही. विल्सन यांनी आजारी इम्प्लांटच निवडले होते. सगळ्या चिकटवलेल्या कॅपपैकी किती बिघडतात, हा प्रश्नच वेगळा आहे. लाखो कॅप सिमेंटवर वर्षानुवर्षं निवांत बसलेल्या आहेत.

शिवाय तोंड कुणाचं आहे यानेही फरक पडतो. लिंकेविचियस यांनी 2013 मध्ये जुन्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. ज्यांना आधी पायोरिया होऊन गेला होता आणि ज्यांच्या इम्प्लांटभोवती सिमेंट राहिलं होतं, त्या सगळ्यांत हाडापर्यंतचा आजार सापडला. पायोरियाचा इतिहास नसलेल्या काहींमध्ये मात्र सिमेंट राहूनही काहीच झालं नव्हतं. आपल्याकडे इम्प्लांट बसवायला येणाऱ्या अनेकांचा दात मुळात पायोरियानेच गेलेला असतो, त्यात कुणाला मधुमेह, कुणाला मिश्रीची सवय. ही मंडळी विल्सन यांच्या आकड्याने नाही, पण लिंकेविचियस यांच्या नोंदींनी सावध व्हायला हवीत.

“एक्सरे काढला की दिसेलच की”

दिसेलच असं नाही. एक्सरे म्हणजे सावली. भिंतीवर मुठीची सावली पाडा आणि मुठीमागे वाटाणा धरा, सावलीत वाटाणा दिसणार नाही. इम्प्लांट आणि खुंटा धातूचे असतात, त्यांच्या समोर किंवा मागे, म्हणजे गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला, राहिलेलं सिमेंट त्यांच्या सावलीत लपतं. डावी-उजवीकडचंच काय ते दिसतं, आणि तेही सिमेंट कोणतं आहे यावर. जस्त असलेलं सिमेंट एक्सरेत ठळक पांढरं उमटतं. काही रेझिन सिमेंट जवळजवळ पारदर्शक असतात. माझ्या त्या शिक्षकांच्या एक्सरेत हाड खचलेलं दिसलं होतं, खडा नव्हता दिसला.

कॅप बसवल्यावर एक्सरे काढावाच, पण एक्सरे स्वच्छ आला म्हणजे हिरडीखालची जागा स्वच्छ आहे असं धरून चालू नये.

मग सरळ स्क्रूच का नाही?

या बाजूचा माझा कल आता लपवण्यात अर्थ नाही. दाढेसाठी मी शक्य तिथे स्क्रूच वापरते. कारण एकच, ते उघडता येतं. काही बिघडलं, हिरडी सुजली, पोर्सेलिनचा टवका उडाला, तर भोकातलं भरण काढायचं, स्क्रू सैल करायचा, दात बाहेर काढून साफ करायचा आणि परत बसवायचा. चिकटवलेल्या कॅपमध्ये आतला स्क्रू सैल झाला तर फजिती होते. कॅप आणि खुंटा दोन्ही एकत्र डुगडुगतात. पेशंट म्हणतो ‘सिमेंट सुटलं’, पण सिमेंट भक्कम असतं, सैल झालेला असतो आतला स्क्रू. मग चांगल्या कॅपला अंदाजाने भोक पाडत त्याचं डोकं शोधावं लागतं.

स्क्रू आवळतात तो ठरावीक जोराने, छोट्या पान्याने. दाढेला बहुतेक कंपन्या 30 ते 35 न्यूटन-सेंटीमीटर सांगतात. म्हणजे किती? दहा सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला साडेतीनशे ग्रॅमची पिशवी टांगली तर दांड्यावर जेवढा पीळ पडतो, तेवढा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्क्रू दीड-दोन मिलिमीटर जाडीचा आहे. त्या जोराने तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन भाग दाबून धरतो. बोटाने आवळून सोडला तर काही महिन्यांत सैल होणार हे ठरलेलं.

(भोकात काय भरतात हे ऐकून लोक थक्क होतात. नळ बसवताना प्लंबर आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप, निर्जंतुक करून. स्क्रूच्या डोक्यावर ती दाबायची आणि वर दाताच्या रंगाचं भरण घालायचं. पुन्हा उघडायची वेळ आली की टेप चिमट्याने एका झटक्यात निघते.)

पण स्क्रूचे तोटे खरे आहेत. दाढेच्या ऐन चावायच्या जागी भोक राहतं. भरण झिजतं, रंग बदलतो, आणि भोकाच्या काठाशी पोर्सेलिन कमजोर असतं. पुढच्या दातात हाडाच्या उतारामुळे इम्प्लांट तिरका बसला असेल तर भोक थेट दाताच्या दर्शनी बाजूला येतं. असा दात घेऊन लग्नाच्या फोटोत कोण हसेल? हल्ली 25 अंशांपर्यंत वाकडा मार्ग ठेवता येतो असे खुंटे आणि पाने मिळतात, पण ते महाग असतात आणि सगळ्या कंपन्यांचे नसतात. मावशीच्या कागदावरचे अडीच हजार वाढलेले होते ते लॅबचं काम जास्त नेमकं लागतं म्हणून.

मग चिकटवणारे सगळे चुकतात?

अजिबात नाही. तिरक्या इम्प्लांटवर, पुढच्या दातावर चांगल्या हातांनी चिकटवलेली कॅप उत्तम चालते. मात्र चांगले हात म्हणजे काय, ते ओळखता यायला हवं.

पहिली गोष्ट कड कुठे आहे ती. हिरडीच्या पातळीला किंवा जेमतेम खाली असेल तर जादा सिमेंट दिसतं आणि निघतं. त्यासाठी हिरडीच्या चढउताराप्रमाणे खास घडवलेला खुंटा लागतो. तयार, गोल खुंटा वापरून पैसे वाचवायचे आणि मग सिमेंट शोधत बसायचं, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

दुसरी गोष्ट सिमेंटचं प्रमाण. एक युक्ती इतकी साधी आहे की ती सगळे का करत नाहीत याचं मला नवल वाटतं. कॅपच्या आतल्या मापाचा एक नकली खुंटा आधीच करून ठेवायचा. कॅपमध्ये सिमेंट घालायचं, ती तोंडाबाहेर या नकली खुंट्यावर दाबायची, बाहेर आलेलं पुसून टाकायचं आणि मग आत पातळ थर राहिलेली कॅप तोंडात बसवायची. सोऱ्यातलं पीठ आधीच बाहेर काढून टाकल्यासारखं. पाच मिनिटं जास्त लागतात.

तिसरी गोष्ट सिमेंट कोणतं. मघाशी म्हटलं होतं की टायटॅनियमला कीड लागत नाही. म्हणून इथे सगळ्यांत मजबूत सिमेंटची गरज नसते. बरेच दंतवैद्य मुद्दाम ‘तात्पुरतं’ सिमेंट वापरतात. त्यातलं झिंक ऑक्साइड युजेनॉल तुम्हाला वासावरून ओळखता येईल, कारण युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. जस्तामुळे ते एक्सरेत दिसतं, सुटं पडतं, गरज पडली तर कॅप काढता येते. रेझिन सिमेंट घट्ट असतं खरं, पण हिरडीखाली राहिलं तर ते खरवडून काढणं म्हणजे टायटॅनियमवर ओरखडे पाडणं.

यावर हमखास येणारी शंका अशी की तात्पुरतं असेल तर चिक्की खाताना निघेल ना? कधी कधी निघते. गिळली तर पोटातून जाते बहुधा, पण नवी करायचा खर्च येतो. हाडाच्या तुलनेत हा तोटा मी आनंदाने पत्करेन.

बाहेर चिकटवा, आत आवळा

गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी मान्य केलेली एक मधली वाट निघाली आहे. टायटॅनियमचा एक बुटका पाया घ्यायचा. झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची कॅप त्यावर लॅबमध्ये, टेबलावर, भिंगाखाली चिकटवायची. तिथे सिमेंट कितीही बाहेर आलं तरी चिंता नाही, पुसता येतं, घासून गुळगुळीत करता येतं. मग तो तयार दात तोंडात नेऊन भोकातून स्क्रूने आवळायचा. सिमेंट आहे, पण हिरडीत जायची संधी त्याला मिळत नाही.

यातही खोट आहेच. पाया बुटका असल्याने कॅप त्याच्यावरून सुटू शकते, विशेषतः लॅबने पृष्ठभाग खरखरीत करणारा वाळूचा मारा आणि चिकटवण्याआधीचं रसायन यांत घाई केली असेल तर. सुटली तरी ती काढून पुन्हा चिकटवता येते.

बारा दिवसांची सुट्टी

डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे अमेरिका-दुबईहून आलेली मराठी मंडळी येतात. तिकडच्या खर्चापुढे इथला खर्च परवडतो, म्हणून कॅपचं काम सुट्टीत उरकायचं असतं. त्यांना माझा आग्रह असतो की चिकटवलेली कॅप विमानाच्या आदल्या दिवशी बसवून घेऊ नका. बसवल्यावर आठवड्याभराने पुन्हा बघणं हे अर्धं काम असतं. तोवर हिरडी निवळलेली असते, आणि त्या वेळी रक्त आलं तर सिमेंट राहिल्याची शंका घ्यायला जागा असते. आणि जाताना कागद मागून घ्या. इम्प्लांटची कंपनी, माप, कॅप कशाने बसवली, सिमेंट असेल तर त्याचं नाव. उद्या न्यू जर्सीतल्या डॉक्टरला ती कॅप उघडायची वेळ आली तर कोणता पाना लागेल हे त्याला त्या कागदावरूनच कळणार आहे.

ज्यांच्या तोंडात आधीच चिकटवलेली कॅप आहे त्यांनी आज धावत सुटायची गरज नाही. ब्रश करताना त्याच एका जागी रक्त येतंय का, हिरडी दाबल्यावर काही निघतं का, घाण चव येते का, हे बघा. वर्षातून एकदा प्लास्टिकच्या बोथट सुईने हिरडीची खोली मोजून घ्या आणि पहिल्या एक्सरेशी नवा ताडून बघायला सांगा. सिमेंट सापडलंच तर बऱ्याचदा हिरडी थोडी बाजूला करून ते काढता येतं. विल्सन यांच्या 74 टक्क्यांत माझे ते शिक्षकही बसले. हिरडी बरी झाली, हाड मात्र तिथेच थांबलं. ते अजून येतात, दर जूनमध्ये.

मावशीने शेवटी तिच्या डॉक्टरांना तिसऱ्या वाटेबद्दल विचारलं. त्यांनाही ते पसंत पडलं, फक्त लॅब कोल्हापूरची असल्याने आठ दिवस जास्त लागतील म्हणाले. काल तिचा पुन्हा फोन होता. कॅप बसली, भोक भरलं, कागद कपाटात ठेवला. तिला एवढंच विचारायचं होतं की भडंग त्या बाजूने कधीपासून खाऊ. भरण त्याच दिवशी कडक होतं, म्हटलं, पण दोन-तीन दिवस दुसऱ्या बाजूने खा, आणि त्यातले फुटाणे आधी मऊ आहेत का ते बघ.